कागदावरची उघाडी

रस्त्याने चालताना लोक दुकानं बघतात, माणसं बघतात. मी खाली बघते. फुटपाथच्या कडेला गटाराची जाळी आली की माझी चाल हळू होते. जाळी रस्त्याच्या वर बसली आहे की खाली, पाणी तिच्याकडे वळतंय की बाजूने निघून चाललंय, पालापाचोळ्याने तोंड तुंबलंय का, एवढं दोन पावलांत कळतं. आमच्या घरात यावरून माझी भरपूर चेष्टा होते. मुलगी म्हणते, आईला महाबळेश्वरला न्या नाहीतर काश्मीरला, ही गटारंच बघून येणार. मी हसते आणि विषय बदलते. या सवयीमागे एका माणसाची नोकरी आहे, आणि ती माझ्यामुळे गेली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी वाशीत ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर हा शब्द आता कुणाला कळत नाही. सर्व्हेवाले जागेवर जाऊन मापं घ्यायचे आणि पेन्सिलीने शीट काढायचे. त्या शीटवर अर्धपारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, हे माझं काम. मग त्या ट्रेसिंगच्या, अमोनियाचा वास मारणाऱ्या प्रती निघायच्या आणि कंत्राटदाराकडे जायच्या. पेन्सिलीची शीट कंत्राटदार कधी बघत नसे. मी जे उतरवलं तेवढंच त्याच्या लेखी जमिनीवर होतं. हे मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! अक्षर सुंदर, हात स्थिर आणि वय बावीस. शेफारायला एवढं पुरतं.

ऑफिस खाजगी होतं, एका इंजिनिअर साहेबांचं. नव्या वसाहतींच्या रस्त्यांची आणि पावसाळी गटारांची ड्रॉइंगं आम्ही करून द्यायचो. मी फलटणकडची. आमच्याकडे पाऊस आला तर लोक ओट्यावर येऊन बघत बसतात, त्याला वाट करून देण्याची वेळ क्वचित येते. खाडी, भरती, ओहोटी हे सगळं मी शाळेच्या भूगोलात वाचलेलं. वडील रिटायर होऊन माझ्याकडे राहायला आले होते आणि दोन खोल्यांचं घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चालत होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडं सबब म्हणूनच सांगते आहे.

ड्रॉइंगमध्ये जाळी म्हणजे रस्त्याच्या कडेला एक छोटा चौकोन, आत तीन रेघा. रस्ता मध्ये थोडा फुगीर ठेवतात, म्हणून पाणी दोन्ही कडांना उतरतं. कडेच्या दगडाला धरून ते वाहत जाळीपाशी येतं, जाळीतून खालच्या चेंबरमध्ये पडतं, तिथे गाळ तळाला बसतो आणि पाणी पाइपाने नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. दिवसाला पन्नास-साठ चौकोन मी काढायचे, सारख्या अंतरावर, एकसारखे, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. त्यात पाणी खरोखर जातं का, हे बघायला मात्र एकदाही खुर्चीवरून उठले नव्हते.

ते मला दाखवलं मामांनी. मामा म्हणजे आमचे सर्व्हेचे खलाशी. साखळी ओढायची, खुंट्या ठोकायच्या, मापाची पट्टी उन्हापावसात सरळ धरून उभं राहायचं, असं त्यांचं काम. वय पंचेचाळीसच्या आसपास, रंग उन्हाने रापलेला, बोलणं कमी. खाडीलगतच्या एका गावात त्यांचं घर. गावाची भातखाचरं नव्या शहरासाठी गेली, त्यात त्यांचीही गेली. आमच्याकडे ते रोजंदारीवर होते. साहेबांनी त्यांना शब्द दिला होता, की खाडीकडच्या नव्या वसाहतीचं काम नीट पार पडलं की दिवाळीनंतर तुला कायम करतो. हा ‘कायम’ शब्द मामा फार जपून वापरायचे. कायम झालो का घर शाकारीन, कायम झालो का पोरीचं बघीन. जमीन गेल्यावर त्यांच्याकडे पुढचं असं एवढंच उरलं होतं.

एका जुलैत जेवणाच्या सुट्टीत पाऊस कोसळत होता आणि मी ऑफिसच्या दारात छत्री उघडायला कंटाळून उभी होते. मामा म्हणाले, “बाय, तू कागदान एवरे चौकोन काडतंस, एक चौकोन बघाला ये.”

समोरच्याच रस्त्यावर नवी जाळी बसवली होती, माझ्याच ड्रॉइंगप्रमाणे. गवंड्याने ती रस्त्याच्या बरोबरीने, किंबहुना बोटभर वरच बसवली होती. दिसायला झकास. पाणी कडेने धावत यायचं, जाळीला बगल द्यायचं आणि पुढे निघून जायचं. जाळीत जात होतं ते फार तर ओंजळभर. मामांनी चप्पल काढली आणि जाळीच्या पुढे पाय आडवा धरला. पाणी थबकलं, वळलं आणि गडगडत आत पडलं.

“पान्याला बोलवाला लागतं,” ते म्हणाले. “जाली खाली पायजे. दोन बोटा. आनि भवती उतार, ताटाला असतो तवरा.”

त्यांनी गवंड्याला गाठून ती जाळी काढून दोन बोटं खाली बसवून घेतली. गज कसे असावेत यावरही त्यांचं मत होतं. पाण्याच्या दिशेने लांब ठेवले तर पाणी झटकन आत जातं, पण सायकलचं चाक अडकतं. आमचे हेडक्लार्क तसेच एकदा सायकलवरून थेट भाजीच्या टोपलीत उतरले होते. तेव्हा गज तिरपे ठेवा, असं मामांचं म्हणणं. साहेबांनी ते ऐकलं. पुढच्या सगळ्या ड्रॉइंगांत मी तिरप्या रेघांचे चौकोन काढले आणि बाजूला ‘जाळी रस्त्यापेक्षा दोन बोटे खाली’ हे सेंटीमीटरमध्ये लिहिलं. मामांचं नाव त्यावर कुठे येणार? कोपऱ्यात ‘ट्रेस केले’ यापुढे माझी सही असायची.

भरतीचा हिशेबही त्यांनीच शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्या-पुनवेला म्हणून दुपारी बाराच्या आगेमागे खाडी तुडुंब. मी कॅलेंडर बघून त्यांना वेळा सांगायचे आणि ते मान डोलावायचे. मला वाटायचं, आता मला हे शहर कळायला लागलं.

त्याच ऑक्टोबरात खाडीकडच्या वसाहतीचा सर्व्हे झाला. परतीचा पाऊस रेंगाळला होता. सर्व्हेअर बीडकडचा एक तरुण होता, मामा पट्टी धरून त्याच्यासोबत. शीट माझ्या टेबलावर आली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीने जागोजागी शेरे होते. ‘पाऊस, काम बंद.’ ‘चिखल, पट्टी रुतली.’ ‘पुन्हा पाऊस.’ आणि एका कोपऱ्यात, जुन्या बांधाच्या रेघेवर, बारीक फुलीपाशी लिहिलं होतं: ‘उघाडी’.

मी वाचलं ‘उघडीप’. घाईत शेवटचा ‘प’ राहिला असणार, आणि तो ‘घा’ म्हणजे बीडकडचं शुद्धलेखन, असं म्हणून मी मनात नाकसुद्धा मुरडलं. पाऊस, चिखल, पुन्हा पाऊस, मग उघडीप. सरळ लागत होतं. हवामानाचे शेरे शाईने उतरवायचे नसतात. मी तो शब्द सोडून दिला आणि ती फुलीही. सर्व्हेअरला विचारायचं मनात आलं होतं, पण तोवर त्याला दुबईची नोकरी लागली होती आणि त्याच्या निरोपाचे पेढे आम्ही खाल्ले होते.

ट्रेसिंग निम्मं झालं असताना मामा खुंट्यांची पिशवी ठेवायला आत आले. माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, “बाय, उघारी आली ना?”

बाहेर दोन दिवसांनी ऊन पडलं होतं. मी मान वर न करता म्हणाले, “हो, आली की. सकाळपासूनच आली.”

“मंग बरा जाला,” ते म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी वसाहत उभी राहिली. बैठी घरं आणि दुमजली चाळवजा इमारती, त्यांत मुंबईहून, कोकणातून, मराठवाड्यातून आलेली नोकरदार माणसं. जून-जुलैत पाऊस धो धो पडला आणि जाळ्यांनी तो सगळा गिळला. रस्त्यावर डबकं म्हणून नाही. साहेब खूश. त्यांनी चारचौघांत मामांची पाठ थोपटली आणि दिवाळीची आठवण त्यांनीच काढली. मामांनी मला येऊन सांगितलं, “आता दोन-तीन मयनं.” त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मग श्रावणातली अमावास्या आली, वर्षातल्या मोठ्या उधाणाची. आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता, आकाश निळंशार. दुपारी ऑफिसात निरोप आला, की वसाहतीत पाणी भरलंय. साहेबांना आधी खरंच वाटेना. मला ड्रॉइंगांची गुंडाळी घेऊन जीपमध्ये बसायला सांगितलं, मामा मागे बसले.

कडक ऊन होतं आणि रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी होतं. जाळ्यांतून ते वर येत होतं, बुडबुडत, न थांबता. ज्या चौकोनांनी दोन महिने पाणी आत घेतलं, तेच आता ओकत होते. खारं पाणी, चिखलाच्या वासाचं. एका जाळीच्या कडेवर दोन निवट्या, त्या खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या मासोळ्या, आरामात बसल्या होत्या. बैठ्या घरातल्या एका बाईंनी धान्याचे डबे, शिलाई मशीन आणि भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, सगळं कॉटवर चढवलं होतं आणि त्या दारात उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. औरंगाबादकडून येऊन त्यांना चार महिने झाले होते.

मामा पाण्यातून सरळ बांधाकडे गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. “साहेब,” ते म्हणाले, “उघारी कुटं गेली?”

तिथे उन्हात उभी राहून मी तो शब्द पहिल्यांदा नीट ऐकला. उघारी, म्हणजे उघाडी. खाडीच्या बांधात दगडी मोरी असते आणि तिच्या तोंडाला बाहेरून लाकडी झडप, वर बिजागरीवर टांगलेली. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरतीला खाडीचंच पाणी झडपेला दाबून दार बंद करतं. माणूस लागत नाही. मामांच्या बापजाद्यांची शेतं या दारामुळे खारवली नव्हती. कंत्राटदार म्हणाला, ड्रॉइंगवर तिथे काही नव्हतं. नुसता बांध होता. म्हणून त्याने ती जुनी मोरी तोडली आणि सरळ पाइप काढला होता.

ड्रॉइंग माझ्या हातात होतं. कोपऱ्यात माझी सही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं आणि मलाही. साहेब वाईट माणूस नव्हते, पण वसाहतीचे लोक मोर्चा आणायच्या गोष्टी करत होते आणि त्यांना कुणाचं तरी नाव द्यायचं होतं. ते मामांना म्हणाले, “तू त्या गावचा. तुला माहीत होतं. सांगितलं का नाहीस?”

“सांगला,” मामा म्हणाले. “सर्वेवाल्याला सांगला. माज्यासमोर त्यानं कागदान लिवला. मना वाचता येत नाय, पन लिवताना मी बघला. आनि या बायला पन इचारला, उघारी आली का. ती हो बोल्ली.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “विचारलं होतं यांनी?”

“आठवत नाही,” मी म्हणाले.

“पेन्सिलची शीट आहे ना? घेऊन या.”

“हां, ती बघा,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. “बाय, तू आन. तुज्याकडं हाय कागद.”

शीटचं कपाट आतल्या खोलीत होतं. खोलीत कुणी नव्हतं. मी शीट काढली, टेबलावर पसरली आणि तो शब्द वाचला. या वेळी बरोबर वाचला. बीडच्या त्या मुलाने काना मात्रा न चुकवता लिहिलेला, ‘उघाडी’. नाक मुरडलं होतं मी. माझ्या पट्टीशेजारी रबर होतं. दोन खोल्यांच्या घराचे, वडिलांचे विचार मनात आले असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे काहीच विचार आला नाही. भीती होती आणि हलकटपणा होता, आणि दोन्हींना मिळून अर्धं मिनिट पुरलं. शब्द खोडला, फुली खोडली, रबराचा भुगा फुंकरीने उडवला आणि शीट घेऊन केबिनमध्ये गेले.

साहेबांनी चष्मा लावून शीट वरून खाली बघितली. “पाऊस, चिखल, पुन्हा पाऊस. उघाडी कुठे आहे?”

मामा पुढे झाले. वाचता येत नसलं तरी जागा त्यांना माहीत होती. बांधाच्या रेघेवरून त्यांचं बोट न अडखळता सरकत गेलं आणि बरोबर त्या जागी थांबलं. “हितं,” ते म्हणाले. मग त्यांनी वाकून बघितलं. बोट तिथेच ठेवून ते थोडं पुढेमागे फिरवलं. आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्याने हाक मारली म्हणून आपण वळून बघतो, तसं. मी शीटकडे बघत उभी राहिले.

मामांनी शीटवरून बोट उचललं. साहेब म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

महिन्याभरात बांधात लोखंडी झडप बसली. त्यानंतर त्या वसाहतीत भरतीचं पाणी आलं नाही. ड्रॉइंग दुरुस्त करायचं काम माझ्याकडेच आलं. मी बांधाच्या रेघेवर झडपेची खूण काढली, शेजारी सुवाच्य अक्षरात ‘उघाडी’ लिहिलं आणि कोपऱ्यात सही केली. साहेब म्हणाले, अक्षर मात्र तुमचं देखणं. दिवाळीनंतर कायम झाले ती मी.

वाशीत मोठा घाऊक बाजार सुरू झाला आणि कुणीतरी सांगितलं, की मामा तिथे कांद्याच्या गोण्या उचलतात. मी भाजी दुसरीकडून आणायला लागले. पुढे माझं लग्न झालं, दुसऱ्या ऑफिसात बढतीची जागा मिळाली. साहेबांनी कंपनी बंद केली आणि ते पुण्याला मुलाकडे गेले. सगळं निस्तरलं होतं, कुणी मला काही विचारणार नव्हतं. आणि तेव्हाच, आता धोका उरला नाही म्हणताना, मला मामांकडे जायचं धैर्य आलं. त्याला धैर्य म्हणतात का, मला माहीत नाही.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्या गावी गेले. घर शाकारलेलं नव्हतं. मामा ओटीवर बसले होते, केस पिकलेले, उजवा खांदा खाली गेलेला. मला त्यांनी लगेच ओळखलं. बायकोला चहा टाकायला सांगितला. मी इकडचं तिकडचं बोलत बसले, पोरीचं विचारलं, पोर आजोळी, मोरा गावी असते असं कळलं. चहा आला. मग मी एका दमात सांगून टाकलं. शब्द होता. मीच खोडला.

“म्हायत हाय,” ते म्हणाले. “रबरानं कागद फुललेला व्हता. बोटाला लागला.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“कुनाचा आयकला असता, बाय?”

मग त्यांनीच विचारलं, “साहेबाना सांगलंस?”

“साहेब पुण्याला गेले. कंपनी बंद झाली.”

“तो कागद?”

“रद्दीत गेला.”

त्यांनी चहाचा घोट घेतला. कपाळाला आठ्या पडल्या, कामाचं काही समजून घेताना पडायच्या तशाच. “मंग मना कशाला सांगतंस?”

टोमणा नव्हता तो. ते खरंच विचारत होते आणि उत्तरासाठी थांबले होते. मी रडेन असं मला वाटलं होतं, ते ओरडतील असंही वाटलं होतं. या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. जे तोंडात आलं ते मी बोलले, आणि ते खरं होतं. “मला रात्रीची झोप लागत नाही, मामा.”

त्यांनी कप खाली ठेवला आणि खांदा चोळला.

“मना लागते,” ते म्हणाले. “दिसभर गोनी उचलली का लागते.”